गिटारीची खंडेनवमी

उद्यमनगरात लेथवर लोखंड कातणारा जोतीराम साळोखे संध्याकाळी घरी येऊन गिटार वाजवतो, ही गोष्ट निम्म्या कोल्हापूरला खरी वाटत नसे. उरलेल्या निम्म्याला सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या लेखी वाद्य म्हणजे हलगी, आणि बाकी सगळी रिकामटेकड्यांची कामं. जोतीरामला त्याची फिकीर नव्हती. त्याची गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवायची. डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी धरून तारांवरून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या अडकवून छेडायचं. कांडी त्यानं स्वतः लेथवर कातली होती, आणि ती इतकी चकचकीत केली होती की कारखान्यातले गडी तिच्यात बघून मिशा नीट करत.

त्याला पर्वा होती ती एकाच माणसाच्या मताची, आणि ते माणूस त्याच्याच घरात चुलीपुढं बसत होतं.

शालूबाई, त्याची बायको, वाईट नव्हती. हात सढळ होता आणि तोंड हातापेक्षा सढळ. त्यांच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि गिटारीला सतरा. म्हणजे हळद उतरून वर्ष होत नाही तोवर हा माणूस एका म्हाताऱ्या बँडमास्तराकडून ही बया घरात घेऊन आला. कुठल्या बायकोला आवडेल? शालूबाई तिला ‘खोकं’ म्हणे, रागात असली की ‘सवत’. पाहुणे आले की खोक्यावर चादर टाकी. जोतीराम वाजवायला बसला की हिला नेमकी भांडी घासायची आठवण होई, आणि भांडीही अशी घासली जात की शेजारच्यांनी भांडण लागलं म्हणून डोकवावं. हे सगळं त्यानं हसून सोसलं. एक गोष्ट मात्र त्याला सोसली नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घर ज्यांच्या जिवावर चालतं ती हत्यारं धुऊन-पुसून, तेल लावून देवापुढं मांडायची. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नैवेद्य. मग दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशीच चिरून ठेवायची, कारण विळीसुद्धा पाटावर बसलेली. शालूबाईची मांडणी बघण्यासारखी असे. विळी, खुरपं, शिवणाचं मशीन, जोतीरामचे पाने, कॅलिपर, कडेला हार घातलेली सायकल. लग्नानंतरच्या दुसऱ्या दसऱ्याला जोतीराम भीत भीत म्हणाला होता, “हिला बी एक बोट हळद लाव की.”

“हत्याराला पूजत्यात,” शालूबाई म्हणाली होती. “ज्यानं काम हुतंय त्येला. ह्या खोक्यानं काय काम केलंय?”

ती हसत हसत म्हणाली आणि दुसऱ्या मिनिटाला विसरली. तो सोळा वर्षं विसरला नाही. पुन्हा त्यानं कधी मागितलंही नाही. पुरुषाच्या मानाची हीच तर गंमत असते, मागून मिळाला तर तो नको असतो आणि न मागता कुणी देत नाही.

आता चौऱ्याहत्तर सालचा दसरा. त्या वर्षी जोतीरामचं नशीब तीन बाजूंनी उघडलं होतं.

पहिली बाजू गौसभाईची. गौस मुल्ला हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. पोटासाठी पेट्या आणि सतारी दुरुस्त करायचा, आणि हौसेसाठी ‘गुलमोहर ऑर्केस्ट्रा’ चालवायचा. स्वतः अकॉर्डियन वाजवायचा. त्या ऑर्केस्ट्रात जोतीराम आठ वर्षं गाणाऱ्यांच्या पाठीमागं बसून साथ करत होता. यंदा पेठेतल्या दसऱ्याच्या कार्यक्रमात गौसनं सुरुवातीलाच त्याला अख्खं गाणं दिलं होतं. गाणारा नाही, गाणारी नाही, नुसती गिटार.

दुसरी बाजू तारांची. कोल्हापुरात गिटारीच्या तारा मिळायच्या नाहीत. एखादी तुटली तर मुंबईला जाणारं माणूस शोधायचं, तोवर पाच तारांवर दिवस काढायचे. पूर्ण सहा तारांचा नवाकोरा संच जोतीरामच्या गिटारीनं सात वर्षांत बघितला नव्हता. यंदा एका ट्रकवाल्याच्या हातून तो आला. जोतीरामनं रविवारी अंघोळ करून, सोवळ्यात बसावं तसं बसून, एकेक तार चढवली. पहिल्या दोन बारीक आणि साध्या, खालच्या चार जाड, पिवळ्या तारेचा वळसा घातलेल्या. त्या दिवशी गिटार अशी बोलली की तो स्वतःच दचकला.

आणि तिसरी बाजू शालूबाईची. भाकरी थापता थापता, मान वर न करता ती म्हणाली, “दसऱ्याला मी बी येनार हाय. तुमचं ऐकाय.”

सतरा वर्षांत ती एकदाही आली नव्हती. जोतीरामला असा ठसका लागला की दोन तांबे पाणी प्यावं लागलं.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनींची पूजा झाली, नारळ फुटले, पेढे वाटले आणि बाराच्या सुमाराला सुट्टी झाली. जोतीराम सायकल हाणत घरी आला. सायकल पूजेला द्यायची होती. उंबऱ्यात पाय ठेवला आणि तसाच उभा राहिला.

देवापुढच्या पाटावर, विळी आणि शिवणाच्या मशीनच्या मधोमध, गिटार उभी होती. भिंतीला टेकवून, गळ्यात झेंडूचा जाड हार घालून, पोटावर हळदीकुंकवाची पाच पाच बोटं ओढून. पुढं उदबत्ती. नैवेद्याचा एक वेगळा घास. सगळ्या हत्यारांत मानाची जागा तिची होती.

जोतीरामचे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला सांगा, त्यानं ते पुसलेही नाहीत.

“बगा तरी,” शालूबाई पदरानं घाम टिपत म्हणाली. “सकाळधरनं तिच्याच मागं हाय मी. लाकूड वल्या फडक्यानं पुसलं. तारा चिच-मीठ लावून घासल्या, घागर घासत्यात तशा. सहाच्या सहा. बोटं सोलून निघाली माझी. मग धुतल्या, आन वरनं शेंगतेल चोळलं. वळशाच्या फटीफटीत मुरवलंय.”

जोतीरामनं तारांकडं नीट बघितलं. त्या चमकत होत्या. पापड तळायच्या कढईसारख्या चमकत होत्या. जाड तारांच्या वळशांतून तेलाचे थेंब फुगून आले होते आणि एक थेंब सावकाश खाली ओघळत होता. सात वर्षांनी मिळालेला संच, आणि उद्या संध्याकाळी त्याच्यावर अख्खं गाणं. एका डोळ्यातलं पाणी आनंदाचं आणि दुसऱ्यातलं दुःखाचं, अशी त्या माणसाची गत झाली.

“ह्या वर्सी कसं सुचलं तुला?” त्यानं कसंबसं विचारलं.

शालूबाई हार सारखा करत होती. तिनं वळून बघितलं नाही. “श्रावणात मला टायफॉईड झालता. ताप डोस्क्यात चढायचा, डोळ्याला डोळा लागायचा न्हाय. तुमी भिताडाकडं तोंड करून बारीक आवाजात वाजवत बसायचासा. तुमास्नी वाटायचं मी निजलीया. मी सगळं ऐकत हुते. ऐकता ऐकताच झोप लागायची. ताप गोळ्यांनी उतरला, पर झोप हिनं दिली मला. काम केलंच की मग हिनं. हत्यारच हाय ही बी.”

एवढं लांब आणि एवढं मऊ ती त्याच्याशी कधी बोलली होती, ते त्याला आठवेना. आता ह्या बाईला तो काय सांगणार, की तू तारांचा जीव घेतलास म्हणून?

“लई ग्वाड दिसतीया,” तो म्हणाला, आणि पेढ्याचा पुडा तिच्या हातात देऊन तडक गौसच्या दुकानाकडं चालत सुटला.

गौसचं दुकान म्हणजे त्याच्याच घराची पुढची खोली. तिथंही पाट मांडला होता, आणि पाटावर पक्कड, कानस, छोटी करवत हार घालून बसली होती. गौसच्या वडिलांपासूनची ती रीत. ते म्हणायचे, वर्षातनं एक दिवस हत्यार मालक असतं आणि मालक हत्यार. त्या दिवशी दुकानात काम म्हणून होत नसे. गौस आरामात पाय पसरून चहा पीत होता.

जोतीरामनं सगळं सांगितलं. ‘शेंगतेल’ हा शब्द आला तसा गौस हसायला लागला. इतका हसला, की त्याची बायको लालबी आतून धावत आली आणि तिलाही ऐकवावं लागलं, मग दोघं मिळून हसली. हसू ओसरल्यावर मात्र कारागीर जागा झाला.

“चिच-मीठ म्हनालास?” गौसनं चष्मा पुसून परत घातला. “मर्दा, मीठ म्हंजे तारेचा काळ. आपुन रोज वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं तारा पुसतो, ते कशापायी? बोटाच्या घामात मीठ असतंय म्हनून. आन वैनीनं तर लोणचंच घातलं की!”

“मग करायचं काय?”

“जाड तारा उकळायच्या. सोडा घालून. वळशात मुरलेलं तेल उकळल्याबिगर न्हाय निघायचं. बारीक दोन मातूर गेल्या समज. त्यांच्या जागी सतारीची तार चढवू, माझ्याकडं रीळ हाय. जा, गिटार घेऊन ये.”

“कशी आणू? पूजा उद्या दुपारी उठनार.”

गौसनं आपल्या पाटाकडं बघितलं. हार घातलेली पक्कड त्याच्याकडं बघत होती. “व्हय, माझी पक्कड बी उद्याच उठनार,” तो म्हणाला. “तू असं कर, वैनीला सरळ सांग. शानी बाई हाय.”

“जीभ झडंल माझी!” जोतीराम उसळला. “सोळा वर्सं वाट बघितली मी त्या एका बोटाच्या हळदीची. आता जर तिला कळलं की तिच्या हातानं वाटोळं झालं, तर ती परत हात लावंल व्हय गिटारीला? त्या बाईचा सभाव मला ठावं हाय. आन उद्या ती पैल्यांदाच ऐकाय येनार हाय. तिला कळता कामा नये, आन वाजलं बी पायजे झकास. गौस, कुनाला बोलनार न्हाईस अशी शपथ घे.”

गौसनं अकॉर्डियनवर हात ठेवून शपथ घेतली. “तोंड शिवलं समज,” म्हणाला. गौसचं तोंड शिवायला लागणारा दोरा अजून इचलकरंजीतसुद्धा निघाला नव्हता, हे सगळ्या पेठेला माहीत होतं. पण अडला हरी म्हणतात ते खोटं नाही. जोतीरामनं विश्वास ठेवला.

दसऱ्याला नैवेद्य झाला, आरती झाली आणि दीडच्या सुमाराला शालूबाईनं पूजा उठवली. गिटार तिनं स्वतः उचलून त्याच्या हातात दिली. “वाजवून दावा की जरा,” ती म्हणाली.

“स्टेजवरच ऐक,” असं म्हणून जोतीराम गिटारीसकट दाराबाहेर पडला सुद्धा. नवरा सणाचं जेवून वामकुक्षी न करता पळतो, याचं तिला नवल वाटलं, पण आज ती सगळंच माफ करायच्या तयारीत होती.

गौसच्या घरी चुलीवर लालबीचं ॲल्युमिनियमचं पातेलं तयार होतं. दोघे दोस्त मांडी घालून बसले. एकदम सगळ्या तारा सोडायच्या नाहीत, लाकडाला ताणाची सवय असते. म्हणून एकेकीचा पीळ थोडा थोडा करून उतरवला. उतरवायच्या आधी जोतीरामनं जाड तार छेडून बघितली होती. ‘भद्द’ असा आवाज आला. पोत्यावर काठी मारावी तसा.

चार तारांची वेटोळी उकळत्या पाण्यात पडली. पाच मिनिटांत पाण्यावर तेलाचे पिवळे डोळे तरंगायला लागले. लालबीनं पळी घालून ढवळलं आणि गंभीरपणे विचारलं, “भाऊजी, सेवया म्हनून वाढू का? वरनं खोबरं घालते.”

“भाबी, हसा, हसा,” जोतीराम म्हणाला, पण हसू त्यालाही आवरेना.

दोनदा पाणी बदललं. मग तारा पंच्यावर काढून दाबून पुसल्या आणि गच्चीवर उन्हात धरल्या, कारण वळशात पाण्याचा थेंब राहिला तर दसरा उलटायच्या आत गंज चढतो. बारीक दोन तारांवर तो चढलाच होता. तांबूस ठिपके पडले होते, आणि एक तर नुसती वाकवली तशी मोडली. गौसनं रिळावरची सतारीची तार मापानं तोडली, जुन्या तारांच्या टोकाचे पितळी मणी काढून नव्या तारांना पीळ देऊन बसवले. मणी खालच्या पट्टीत अडकवायचा, वरचं टोक चावीच्या भोकातून ओवायचं, तीन वेढे द्यायचे, चावी पिळायची. हे काम शंभर वेळा केलेलं, तरी जोतीरामनं प्रत्येक वेढा दोनदा मोजला.

चारही जाड तारा बोलल्या! नव्यासारख्या नाही, पण आजारातून उठलेला माणूस पहिल्यांदा अंगणात येऊन बसतो तशा, स्वच्छ आणि शांत. जोतीरामनं गौसच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याचा चष्मा पडला.

“खूश होऊ नगंस अजून,” गौस म्हणाला. “बारीक तारा नव्या हाईत. ताणल्या की ढिल्या पडनार, परत ताणल्या की परत ढिल्या. एक अख्खा दिवस लागतो त्यास्नी वळण लागाय, आन आपल्याकडं चार तास हाईत.”

ते चार तास दोघांनी तारा ओढण्यात घालवले. बोटानं तार उचलायची, हलकी ताणायची, सोडायची, सूर लावायचा. सूर उतरे, परत लावायचा. तिकडं अख्खं शहर दसरा चौकात सोनं लुटत होतं, आणि इकडं हे दोन पन्नाशीकडं झुकलेले बाप्ये एका तारेची मनधरणी करत बसले होते.

सात वाजता पेठेत पिंपांवर फळ्या टाकून केलेल्या स्टेजवर दिवे लागले. चौक माणसांनी फुलला होता. जो तो भेटेल त्याच्या हातात आपट्याची पानं कोंबत होता. बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, जांभळं इरकली लुगडं नेसून शालूबाई बसली होती, जवळच लालबी. शेजारणींना ती काहीतरी सांगत होती आणि मधूनच स्टेजकडं बोट करत होती. पडद्याच्या फटीतून जोतीरामला ते दिसलं आणि त्यानं फट घाईघाईनं मिटली.

नाव पुकारलं. जोतीराम येऊन बसला, गिटार मांडीवर घेतली, कांडी तारांवर ठेवली. त्या वर्षी चौकाचौकात वाजणारं एक सिनेमातलं गाणं त्यानं सुरू केलं. पहिली ओळ झकास गेली. कुणीतरी शीळ घातली. दुसऱ्या ओळीला सूर वर चढला आणि पहिली तार उतरली. अशी उतरली, की गाणं एकीकडं आणि सूर भलतीकडं.

कोल्हापूरचा माणूस कलाकाराला जीव लावतो, पण चुकलं तर सगळ्यांदेखत सांगतो. “ओ पावणं,” मागून आवाज आला, “कान पिळा की तिचा!” चौक खदखदला. जोतीराम थांबला. चावी पिळायला लागला. तार सुरात येईना. क्षण क्षण मोठा व्हायला लागला, आणि त्याची मान वर करून पहिल्या रांगेकडं बघायची हिंमत होईना.

तेव्हा गौसनं माईक धरला. दोस्ताला वेळ मिळवून द्यायचा, एवढाच त्याचा विचार होता. पण रिकामा माईक आणि गौसचं तोंड!

“मंडळी, दमानं घ्या,” तो म्हणाला. “तारांचा दोष न्हाय. काल खंडेनवमी हुती. एका घरात एका माउलीनं तिच्या मालकाची गिटार पूजेला बसवली. आता हत्यार म्हटल्यावर घासाय नको? चिच-मीठ लावून घासली. हत्यार म्हटल्यावर तेल नको? शेंगतेलात मुरवली! दुपारधरनं आमी तारा सोड्यात उकळतोय. आमची बायको म्हनाली, सेवया हाईत का!”

चौकात हशाचा स्फोट झाला. गिटारी पेठेत किती? एक. माउली कोण, हे लहान पोरालाही कळलं. सगळ्या माना बायकांच्या पहिल्या रांगेकडं वळल्या. जोतीरामच्या हातातली चावी तिथंच राहिली. संपलं, त्याला वाटलं. सोळा वर्षांनी उघडलेलं दार ह्या गाढवानं माईकवरून लावून टाकलं.

गौसलाही आपण काय केलं ते कळलं. त्याचा चेहरा पडला, आणि मग त्यानं हात वर करून चौक गप्प केला.

“हसलासा, बरं केलासा,” तो म्हणाला. आता त्याचा आवाज वेगळा होता. “आता मला सांगा. हितं ढोलकीवाले हाईत, पेटीवाले हाईत, मी सोता अकॉर्डियनवाला हाय. आमच्यापैकी कुनाच्या वाद्याला घरात मानाचा पाट मिळालाय? कुनाच्या बायकोनं बोटं सोलून घेतलीत? ज्येला मिळालाय त्येनं हात वर करावा.”

एकही हात वर झाला नाही. ढोलकीवाल्यानं तर मान खाली घातली. मागून, ज्यानं कान पिळायला सांगितलं होतं त्याच आवाजानं ओरडून म्हटलं, “वैनी, मानलं तुमास्नी!” आणि टाळ्या पडायला लागल्या. त्या गिटारीला नव्हत्या, गौसला नव्हत्या.

जोतीरामनं मान वर केली. शालूबाईनं पदर तोंडावर गच्च धरला होता. खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, दिव्याच्या उजेडात कळायला मार्ग नव्हता. आता वाजवण्याशिवाय त्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

पहिल्या तारेचा भरवसा नव्हता. मग त्यानं अख्खं गाणंच खाली उतरवलं, जाड तारांवर, त्या घासलेल्या, तेलात मुरलेल्या आणि उकळून काढलेल्या चार तारांवर. सुरुवातीला लोकांना गाणं ओळखू येईना. मग ओळखू आलं, आणि सगळ्यांनी ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं. वर असताना ते गाणं नुसतं नखरा करायचं. खाली आल्यावर त्याला छाती मिळाली. शेवटच्या ओळीला कांडी सरकत सरकत थांबली, आणि “वन्समोर!” म्हणून जो गलका झाला, त्यानं स्टेजखालची पिंपं घुमली. त्याला ते परत वाजवावं लागलं. दुसऱ्यांदा तर चौक टाळ्यांचा ठेका धरून बसला.

मग गाणारी मंडळी आली आणि पुढचं गाणं सुरू झालं. जोतीराम पडद्यामागं एका पेटाऱ्यावर बसला. घाम निथळत होता. कनातीचं कापड बाजूला झालं आणि शालूबाई आत आली. डोळे लाल होते.

“तेलानं तारा मरत्यात व्हय?” तिनं विचारलं.

“मेल्या न्हाईत की. उठल्या.”

“मला बोलला न्हाईसा.”

“बोललो असतो तर तू परत हात लावला नसतास तिला,” जोतीराम म्हणाला. एवढ्या टाळ्या घेऊन आलेला माणूस, पण आवाज शाळेतल्या पोरासारखा निघाला. “त्या तारांपरीस मला ते जास्ती लागलं असतं, शालू.”

शालूबाईनं पदर खोचला. “भाकरी करपली म्हनून तवा टाकून देत्यात व्हय?” ती म्हणाली. “सरका तिकडं. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसायच्या, आसं लालबी म्हनाली आत्ताच. दावा मला कसं ते.”

त्यानं फडकं दिलं. ती शेजारी टेकली आणि गिटार तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतली. जाड तारेला फडकं लावलं, वरून खाली ओढलं, आणि तार वाजली. शालूबाईनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. तिनं जोतीरामकडं बघितलं, मग तारेकडं बघितलं. फडकं बाजूला ठेवलं. अंगठा पुढं केला आणि तीच तार मुद्दाम छेडली. मग तिच्या शेजारची. मग सहाच्या सहा, वरपासून खालपर्यंत, खणखणीत. आणि लहान पोरीसारखी खिदळून परत एकदा.

“कोन बेसूर वाजवाय लागलंय रं आत?” अकॉर्डियनचा भाता आवळत गौस स्टेजवरून पडद्याकडं तोंड करून ओरडला.

“माझी बायको हाय!” जोतीराम त्याच्या दुप्पट आवाजात ओरडला. “वाजवू दे!”

पुढच्या रांगांना ते ऐकू गेलं असणार, कारण तिकडं हशा झाला. शालूबाईनं काही हात थांबवला नाही.